गारठा खालनं येतो: सातारा-सांगलीकडच्या थंडीत घर, माणसं आणि गोठा सांभाळताना

आमचं घर कोरेगाव तालुक्यात, ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. आज्जी होती तोवर ती जमिनीवरच झोपायची, पलंग तिला कधी मानवला नाही. एका पौषात ती रात्रभर कुडकुडत होती म्हणून मी पुण्याहून आणलेलं जाडजूड ब्लँकेट तिच्या अंगावर टाकलं. तरी दात वाजायचे थांबेनात. तिनं ते ब्लँकेट अंगावरून ओढून काढलं आणि म्हणाली, "आरं, गारठा खालनं येतोय, वरनं न्हवं. ते खाली हातर." मी घडी करून तिच्या खाली घातलं, वर तिची जुनी वाकळ टाकली. थोड्या वेळात ती घोरायला लागली.

मला पुढे जे सांगायचं आहे ते सगळं आज्जीच्या त्या वाक्यातच आहे. अंग स्वतःच ऊब तयार करत असतं. ती कुठून निसटते ते शोधायचं आणि ती वाट आधी बुजवायची. शेगडी, हीटर, शेकोटी यांची पाळी त्यानंतर, आणि तीही जपून. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. खाली एकच सतरंजी, खिडकीची फट तशीच, आणि खोलीच्या मधोमध कोळशाची शेगडी. आपली थंडी काश्मीरसारखी नाही म्हणून आपण ती हलक्यात घेतो. पण आपली घरंही काश्मीरसारखी नाहीत. पत्रा, कौलं, गार फरशी, वारा खेळावा म्हणून ठेवलेले झरोके; ही घरं उन्हाळा-पावसाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहेत.

कडक रात्र नऊ वाजताच ओळखा

दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशाकडे सोडत राहते. ढग असले तर ते आड येतात आणि ऊब खालीच राहते. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की पहाट कडक जाते. गार हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि खोलगटात साचते. म्हणून माळावरच्या वस्तीपेक्षा ओढ्याकाठच्या रानात जास्त गारठतं.

महाबळेश्वरचंच बघा. विल्सन पॉइंट १,४३८ मीटरवर, सगळ्यांत उंच. पण दव गोठल्याचे फोटो येतात ते वेण्णा तलावाच्या काठचे आणि लिंगमळ्याचे. त्या दिवशी गावातलं तापमान शून्याच्या बरंच वर असतं. याचं आणखी एक कारण आहे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पेटीत असतो. गवताचं पातं आणि उघडी जमीन त्याहून कितीतरी गार होते. बातम्यांत १० अंश सांगितले तर अंगणात उघड्यावर झोपलेल्या माणसाच्या पाठीखाली १० अंश नसतात, त्याहून कमी असतात.

माण, खटाव, फलटण आणि तिकडे आटपाडी-जत या भागांत हवा कोरडी. तिथं दुपारी ऊन चटकतं आणि रात्री कानटोपी लागते. दुपारच्या उन्हावर विसंबून माणूस शर्टावर बाहेर पडतो आणि परतताना अडकतो.

तेव्हा जेवणं झाली की अंगणात या. चांदण्या लख्ख आहेत, शेवग्याचं पानही हलत नाही, असं दिसलं की एक जादा पांघरूण काढा, गोठ्याचा पडदा सोडा आणि म्हाताऱ्या माणसांना पहाटेचं फिरणं उद्या उन्हात ढकलायला सांगा.

दिवाळीनंतरचा एक रविवार घरासाठी ठेवा

संध्याकाळी वारा सुटल्यावर एक उदबत्ती पेटवा आणि दारं-खिडक्यांच्या कडेनं हळूहळू फिरवा. धूर जिथं वाकतो तिथं फट आहे. दाराच्या खालच्या फटीला जुन्या साडीची घट्ट वळकटी करून लावा. तुटलेल्या काचेवर पुठ्ठा, खिडकीला जाड पडदा. पत्र्याच्या घरात पत्र्याच्या वीतभर खाली ताडपत्री किंवा जुनी सतरंजी ताणून बांधली तर मधली हवा अडते आणि खोलीत फरक जाणवतो. थर्मोकोल मात्र लावू नका. तो भराभर पेटतो आणि धूर विषारी असतो.

सगळं बुजवून टाकायचं नाही, हे नीट लक्षात ठेवा. वरच्या अंगाला एक झरोका उघडा राहिलाच पाहिजे. माणसांच्या श्वासाची वाफ बाहेर गेली नाही तर ती गार पत्र्याला लागून थेंब होते आणि पहाटे अंथरुणावर टपकते. ओलं अंथरूण म्हणजे थंडीला आवतण. आणि त्या झरोक्याचं खरं काम पुढे शेगडीच्या गोष्टीत येईलच.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडक्या अकरा ते तीन उघड्या ठेवा आणि उन्हं कलायच्या आत लावून घ्या.

अंथरूण: वर जेवढं, खाली तेवढंच

वाकळ उलगडून बघा कधी. वर-खाली आईचं किंवा आज्जीचं लुगडं, मध्ये धोतरांचे, चादरींचे थर, आणि बोटाच्या पेरापेरावर धावदोरा. ऊब कापडाची नसते, त्या थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. महिनाभर वापरलेली वाकळ घामानं, दमट हवेनं चपटी होते, जड होते, आणि पांघरून झोपलं तरी अंग गरम होत नाही. तीच वाकळ दोन दिवस दोरीवर उन्हात टाकली, काठीनं झोडपली, की पुन्हा फुगते. नवीन ब्लँकेट विकत घेण्याआधी घरातली पांघरुणं उन्हात टाकून बघा.

फरशीवर झोपणाऱ्यानं थर असे लावावेत: आधी ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे ओल वर येत नाही; त्यावर कोरडी पोती; मग चटई; मग घोंगडी चौघडी करून; आणि त्यावर वाकळ. बाजेवर किंवा पट्टीच्या पलंगावर झोपणाऱ्यांना वाटतं आपण जमिनीपासून सुटलो. तसं नसतं, खालून हवा खेळते. तिथंही घोंगडी आधी खाली, मग अंगावर. ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, उसाचं वाळलेलं पाचट अंथरतात, ते उबेला उत्तम आहे. पण पाचटावर झोपायचं तर चूल कोपीबाहेर हवी आणि रॉकेलची चिमणी जवळ नको.

अंगावरचे कपडे

आत सुती बनियन, कोरडं. त्यावर लोकरी स्वेटर, जरा सैल. त्यावर वारा अडवणारं काहीतरी, विंडचीटर किंवा जाड जर्किन. दोन घट्ट स्वेटर एकावर एक चढवले की मधली हवा दाबली जाते आणि उपयोग निम्मा होतो. घाम आला तर आतलं बनियन बदला. घामेजलेला सुती कपडा अंगाची ऊब ओढून घेतो. कान, मान आणि पावलं झाकली की उरलेल्या अंगाला आपोआप बरं वाटतं. दिवसभर घातलेले मोजे रात्री तसेच ठेवून झोपू नका. ते ओलसर असतात, कोरडे घाला.

घोंगडीबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. माण-खटावकडच्या मेंढ्यांच्या लोकरीची, सणगरांनी मागावर विणलेली घोंगडी अंगाला टोचते म्हणून तरुण पोरं नाक मुरडतात. पण लोकर दमट झाली तरी ऊब धरून ठेवते, आणि ठिणगी पडली तर नायलॉनच्या ब्लँकेटसारखी वितळून कातडीला चिकटत नाही. शेकोटीजवळ, रानात, गोठ्यात तिच्यासारखं दुसरं पांघरूण नाही. टोचत असेल तर खाली सुती चादर घ्या.

कोळशाची शेगडी: इथं मात्र मी हट्टानं सांगणार

काही वर्षांपूर्वी जानेवारीत मावशीकडे लग्न होतं. पाहुणे भरपूर, आम्ही आठ-दहा जण एका खोलीत. मावसभावानं आचाऱ्याच्या चुलीतले लालबुंद निखारे घमेल्यात आणून खोलीच्या कोपऱ्यात ठेवले. धूर नाही, वास नाही. सगळ्यांना बरंच वाटलं, दार लावून झोपलो. अडीचच्या सुमाराला मला जाग आली ती डोकं फुटेल असं दुखत होतं म्हणून. मळमळत होतं. मला वाटलं जेवण बाधलं. तेवढ्यात मावशी परसाकडे जायला उठली, तिनं दार उघडलं आणि ती चौकटीला धरून खालीच बसली. मग मात्र काहीतरी चुकतंय हे कळलं. दोन पोरं हाका मारून उठत नव्हती. त्यांना उचलून अंगणात आणलं. तिथं ती ओकली आणि रडली, आणि ते रडणं ऐकून जीव भांड्यात पडला. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. सगळे वाचलो. मावशी त्या वेळी उठली नसती तर हे लिहायला मी नसतो.

निखारे धूर देत नाहीत म्हणून ते निर्धोक वाटतात, आणि तेच सगळ्यांत फसवं आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जोरानं चिकटतो, म्हणजे श्वास चालू असतो पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, हातापायांतलं बळ जाणं, गोंधळ, मग गुंगी. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही.

तेव्हा नियम एकच: जे जळतं ते आपल्याबरोबर झोपत नाही. शेगडी घ्यायचीच तर सगळे जागे असताना, दार-खिडकी उघडी ठेवून. अंथरुणावर पाठ टेकायच्या आधी ती अंगणात गेली पाहिजे. विझत आलेले निखारेसुद्धा आत नकोत. गॅसची शेगडी खोली तापवायला लावू नका. शटर लावून आत गाडी किंवा जनरेटर चालू ठेवू नका.

एका खोलीतल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, शेगडी किंवा गिझर बंद करा आणि १०८ ला फोन लावा. डॉक्टरांना "खोलीत कोळसा होता" हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर अशा वेळी चांगला आकडा दाखवतं, कारण त्याला ऑक्सिजन आणि हा वायू यांतला फरक कळत नाही. आकडा बघून घरी थांबू नका.

हीच गोष्ट गॅस गिझरची. छोटी न्हाणी, दार-खिडकी बंद, आत गिझर चालू आणि माणूस मजेत अर्धा तास अंघोळ करतोय, हा प्रकार जिवावर बेततो. गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आत असेल आणि लगेच हलवता येत नसेल तर दार उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, मग अंघोळीला जा. ज्योत निळी हवी. पिवळी झाली तर मेकॅनिक बोलवा. गॅसचा वास आला तर बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा. गळतीसाठी १९०६ हा मदत क्रमांक आहे.

विजेचा हीटर त्या मानानं बरा. पण त्याला १६ अँपिअरचा सॉकेट हवा, लांबवलेली वायर नको, आणि अंथरूण-पडद्यापासून तो किमान एक मीटर लांब हवा. त्यावर लंगोट वाळत घालू नका. झोपताना बंद.

अंघोळीचं पाणी

हीटिंग रॉड स्वस्त आहे आणि घरोघरी आहे, म्हणून अपघातही त्याचेच. रॉड आधी पाण्यात, खुणेपर्यंत बुडालेला, मग बटण चालू. पाणी तापलं का ते बघायला बोट घालायचं नाही. आधी बटण बंद, मग पिन काढायची, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतर पाण्याला हात. बादली प्लॅस्टिकची घ्या, लोखंडी नको, आणि रॉड तिच्या कडेला टेकू देऊ नका. पोरं आसपास असतील तर न्हाणीला बाहेरून कडी. घरात अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. त्याला खर्च येतो, पण शॉक बसला की तो क्षणार्धात वीज तोडतो.

बंब असेल तर तो उघड्या पडवीत. बंद न्हाणीत बंब पेटवला की मघाचीच गोष्ट.

पोराच्या अंघोळीला बादलीत आधी गार पाणी, मग कढत. उलटं केलं आणि तेवढ्यात पोरानं हात घातला तर संपलं. ६० अंशांच्या पाण्यानं पाचेक सेकंदांत कातडी खोलवर भाजते, लहान मुलाची त्याहून लवकर. पाणी कोपरानं बघावं, तळव्यानं नाही. कामाचे तळवे निबर झालेले असतात. भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काहीही नाही. मग स्वच्छ सुती कापड सैलसर झाकून दवाखाना.

शेकोटी

पारावरची शेकोटी मला फार आवडते. अर्ध्या गावाचं मन तिथं मोकळं होतं. फक्त ती कडब्याच्या गंजीपासून, पाचटापासून आणि गोठ्यापासून लांब असू द्या, वाऱ्याची दिशा बघा. टायर, प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड जाळू नका. बायकांनी नायलॉनचा पदर खोचून बसावं. कपड्यानं पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. बाकीच्यांनी घोंगडी टाकून आग दाबायची. उठताना निखाऱ्यांवर पाणी. राखेखालचा निखारा पहाटेपर्यंत जिवंत राहतो, आणि सकाळी पोरं अनवाणी तिथंच खेळतात.

घरातली म्हातारी माणसं

त्यांना थंडी वाजत नाही असं ती सांगतील. वयानं कुडकुडणं कमी होतं, गारव्याची जाणीवही मंदावते. विचारू नका, हात लावून बघा. कपड्याखाली पोटाला हात लावा. हात-पाय गार असणं वेगळं, पोट गार लागलं तर ते काळजीचं.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. म्हणून दिवाळीनंतर एकदा बीपी तपासून घ्या. गोळ्या मनानं वाढवू किंवा सोडू नका. पहाटे पाचला अजिंक्यतारा चढणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण साठी ओलांडलेल्यांनी आणि हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ऊन पडल्यावर निघावं, आणि आधी घरातच दहा मिनिटं हातपाय हलवून घ्यावेत. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, गारठ्यात फुटलेला घाम, दम लागणं, यांतलं काही दिसलं तर पित्त समजून सोडा पाजत बसू नका. १०८.

रात्री लघवीला अंगणापलीकडे जावं लागतं, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं मोठं दुखणं आहे. ते टाळायला ती संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. खोलीतच झाकणाची बादली ठेवा, दिवा हाताशी ठेवा, आणि उबेतून एकदम उभं राहायचं नाही, दोन मिनिटं काठावर बसून मग उठायचं, हे रोज सांगा.

मधुमेह असलेल्यांच्या पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका. पावलांची जाणीव कमी झालेली असते, भाजलेलं सकाळी दिसतं. इतरांनीही पिशवीत उकळतं पाणी न घालता, दोन-तृतीयांश भरून, हवा काढून, पंच्यात गुंडाळून घ्यावी. टाचांच्या भेगांना रात्री पाय धुऊन, कोरडे करून खोबरेल किंवा व्हॅसलीन, वर मोजे.

बाळंतीण आणि बाळ

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची, बाळाला ओव्या-वेखंडाची धुरी द्यायची, खिडकी महिनाभर उघडायची नाही. हे मायेपोटी होतं, मला ठाऊक आहे. पण त्या खोलीत सगळ्यांत लहान फुप्फुसं असतात. धुरी बंद करा, शेगडी बाहेर काढा. बाळाला ऊब देण्याची सगळ्यांत चांगली जागा म्हणजे आईची उघडी छाती. बाळ फक्त लंगोट-टोपड्यावर आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायचं आणि वरून दोघांना शाल. आई दमली तर बाप किंवा आज्जीही हे करू शकते. कमी वजनाच्या बाळांना दवाखान्यात हेच शिकवतात. जन्मल्यावर निदान पहिला पूर्ण दिवस अंघोळ नको.

डोकं झाका, तोंड-नाक उघडं ठेवा. जड वाकळ बाळावर टाकू नका, झोपेत तोंडावर येते. उबदार आहे का ते मानेमागे आणि पोटाला हात लावून बघा: पोट कोमट आणि तळपाय गार म्हणजे एक थर वाढवा, मान घामेजली म्हणजे एक काढा. तेल लावायचं तर दुपारी, वारा नसलेल्या जागी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, खोकल्यालाही नाही.

सर्दी झालेल्या बाळाचा श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले, किंवा छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, तर त्याच घडीला दवाखाना.

खाणं-पिणं

यात आपल्या बायकांना कुणी काही शिकवायची गरज नाही. बाजरीची भाकरी, लोणी, हुलग्याचं माडगं, भोगीची भाजी, तिळगूळ, डिंकाचे लाडू. थंडीच्या दिवसांत अंगाला जास्त जळण लागतं आणि ते यातून मिळतं. रात्रीचं जेवण गरम आणि जरा लवकर. आपल्याकडच्या आल्याचा चहा घ्या, पण चहावर दिवस काढू नका. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी होतं आणि ओठ, कातडी, पोट सगळं कोरडं पडतं. कोमट पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा.

दारूनं ऊब येते हे खोटं आहे. कातडीकडचं रक्त वाढतं म्हणून गरम वाटतं, पण आतली ऊब बाहेर निघून जाते, आणि आपण गारठतोय हे कळायचंही बंद होतं. पिऊन बांधावर झोपलेला माणूस म्हणूनच धोक्यात असतो.

रात्री दारं धरायला जाताना

आमचे आबा अजूनही रात्रपाळीच्या लायटीला गव्हाला, उसाला पाणी द्यायला जातात. गार पाण्यात पाय आणि वर उघडं आभाळ, याहून कठीण काम थंडीत नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या, आत लोकरी मोजे. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी पॅंट आणि मोज्यांचा एक जोड बरोबर ठेवा, भिजलात तर तिथंच बदला. "घरी गेल्यावर बदलू" म्हणता म्हणता तीन तास जातात. एकट्यानं जाऊ नका. जावंच लागलं तर ठरलेल्या वेळी घरच्यांनी फोन करावा. ओल्या हातानं स्टार्टरला हात नाही, कोरडी फळी किंवा रबरी चटई पायाखाली. मोटारीच्या खोलीत दार लावून जाळ करू नका. बॅटरी पायापुढे मारत चला. थंडीत साप नसतात असं समजतात, पण घोणस याच दिवसांत बांधाला, पाचटात असते.

रस्ता

पहाटे कृष्णाकाठी धुकं उतरलं की पुढचं काही दिसत नाही, आणि त्यात ऊस भरलेल्या ट्रॉल्या असतात. मागे दिवा नाही, कांड्या बाहेर आलेल्या. ट्रॅक्टरवाल्यांना हात जोडून सांगणं आहे: ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावा, पंक्चर झालं तर डांबरावर उभं राहू नका. इतरांनी वेग कमी, दिवा खाली पाडलेला. वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांवर येतो. पसरणीच्या घाटात किंवा खंबाटकीला धुकं दाट असेल तर वाईत, खंडाळ्यात चहा घेऊन तासभर थांबलेलं बरं.

मोटरसायकलवर वारा छातीतून आरपार जातो. जर्किन नसेल तर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा, आमच्याकडे दूधवाले वर्षानुवर्षं हेच करतात. बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबला जात नाही, तेव्हा थांबा आणि हात काखेत धरा. पौषात मांढरदेव, पालीच्या खंडोबाच्या यात्रेला उघड्या टेम्पोतून रात्रीची माणसं जातात. बायका-पोरांना केबिनच्या पाठीशी बसवा, खाली वाकळ, वरून ताडपत्री.

गोठा

ओढ्याच्या बाजूनं पोत्यांचा पडदा, वरचं तोंड मोकळं ठेवून, नाहीतर मुताचा वास कोंडून जनावरं खोकतात. खाली कोरडं पाचट, रोज बदलायचं. वासराच्या अंगावर पोत्याची झूल. सकाळी विहिरीचं ताजं पाणी पाजा. जमिनीतलं पाणी हौदातल्या रात्रभराच्या पाण्यापेक्षा कोमट असतं. गोठ्यात जाळ नको.

कुणी गारठून पडलेलं आढळलं तर

अंगाचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की माणूस धोक्यात जातो. आधी खूप कुडकुडतो, मग बोलणं अडखळतं, हातातून वस्तू पडतात, असंबद्ध बोलतो. कुडकुडणं थांबलं आणि तो सुस्त झाला तर तो बरा झाला असं समजू नका, प्रकृती बिघडली आहे. पुष्कळदा लोक त्याला दारू प्यायला म्हणून सोडून जातात.

१०८ ला फोन करा. वाऱ्यातून आडोशाला न्या, हळू, धसमुसळेपणा न करता. ओले कपडे काढा, अंग टिपून कोरडं करा. डोकं झाका. आधी छाती, पोट, मान उबदार करा. हातपाय चोळू नका, शेकोटीपाशी नेऊन बसवू नका, कढत पाणी ओतू नका. कोरड्या पांघरुणात दुसऱ्या माणसानं त्याला छातीशी धरून झोपावं. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच गोड, कोमट चहा घोटघोट द्या. गाडी येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा. आणि अंगावर काही टाकायच्या आधी त्याच्या पाठीखाली घोंगडी सरकवा.